दानपिशवी आणि चौकोनी ठसा

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाकडे वेळच वेळ असतो, असा एक समज आपल्या समाजात रूढ आहे. त्यामुळे मंडळीत कोणतेही नवे काम निघाले, की सर्वांच्या नजरा आपोआप आमच्याकडे वळतात. कर्नाटक शासनाच्या महसूल खात्यात आमची तीस वर्षांहून अधिक सेवा झाली. कागद वाचणे, त्यावर शेरा मारणे आणि तो पुढे पाठवणे यात आयुष्याचा मोठा भाग गेला. गेल्या वर्षी मंडळीच्या कार्यकारी समितीने वडीलधाऱ्या सभासदांना मोबाईलवर क्यूआर कोड स्कॅन करण्यास शिकवावे, असे ठरवले आणि ते काम आमच्या गळ्यात घातले. रविवारच्या उपासनेनंतर शेजारच्या सभागृहात तासभर, असे आठ रविवार हा वर्ग चालला. त्यात जे पाहिले आणि जे सुचले, ते नोंदवून ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच.

वर्गातील विद्यार्थ्यांविषयी आधी थोडे सांगावयास हवे. बेळगावच्या मराठी ख्रिस्ती समाजाला दोन शतकांचा इतिहास आहे. लंडन मिशनने येथे १८२० साली काम सुरू केले. 'यमुनापर्यटन' (१८५७) या पुस्तकामुळे मराठी कादंबरीच्या इतिहासात ज्यांचे नाव अगदी आरंभी घ्यावे लागते, ते बाबा पदमनजी १८३१ साली याच गावी जन्मले. प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावे, दुसऱ्याच्या तोंडून ऐकून समाधान मानू नये, हा मिशनच्या शाळांचा आग्रह होता. त्या आग्रहापोटी येथील कित्येक घरांतल्या पणज्यादेखील अक्षरओळख असलेल्या होत्या. आजही आमच्याकडे ऐंशीच्या घरातील आजी चष्मा पुसून 'उपासना संगीत' उघडतात आणि रेव्हरंड टिळकांची गीते पुस्तकात पाहून गातात. पाठ असली तरी पुस्तक उघडतात, हे विशेष. अशा मंडळींना 'अडाणी' समजून शिकवायला बसणे हा त्यांचा अपमान झाला असता. त्यांना वाचता येत होते. पण आता त्यांच्यासमोर एक अशी लिपी आली होती, जी जगातील कोणत्याही शहाण्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही.

ती आली कशी, हे वाचकांना ठाऊकच आहे. यूपीआय ही पैसे पाठवण्याची पद्धत एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि ३० डिसेंबरला 'भीम' हे ॲप आले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा प्रार्थनामंदिरांना कुलपे लागली आणि दानपिशवी खुंटीलाच राहिली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशभर यूपीआयचे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. खडे बाजारातील भाजीवालीच्या टोपलीपाशी जो काळा-पांढरा ठसा दिसतो, तो अखेर आमच्या प्रार्थनामंदिराच्या व्हरांड्यातही येऊन बसला. तरुण मुले येता-जाता फोन समोर धरू लागली. पेन्शन बँकेत जमा होते, एटीएम लांब, सुटे पैसे दुर्मिळ, अशा परिस्थितीत वडीलधारी माणसे मात्र मुला-नातवंडांना सांगू लागली, ''माझ्या नावाने तूच भर.''

या व्यवस्थेत काय हरवत होते, ते आम्हाला एका निवृत्त परिचारिकाबाईंनी सांगितले. त्यांनी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नोकरी केली, पहिल्या पगारापासून दशांश बाजूला काढला. पहिल्याच रविवारी त्या म्हणाल्या, ''नातवानं भरलं, ते नातवाचं दान झालं की ओ साहेब. माझं कुठं झालं? पिशवी समोर येते आणि मी हात जोडून बसते. उपाशी पाहुण्यासारखं वाटतंय.'' वर्गाचे प्रयोजन यापेक्षा नेमक्या शब्दांत आमच्या समितीच्या ठरावातही आले नव्हते.

पहिल्या दिवशी आम्ही फोनला हातच लावू दिला नाही. एक कोड मोठा छापून भिंतीवर लावला आणि तो काय आहे हे सांगितले. जपानमधील डेन्सो या मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा नावाच्या अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांसह तो १९९४ साली तयार केला. कारखान्यातील सुट्या भागांची नोंद ठेवायला साधा बारकोड अपुरा पडत होता. त्यात वीसेक अक्षरेच मावत आणि एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत. 'गो' नावाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पाहून हारांना आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी माहिती भरण्याची कल्पना सुचली. आज सर्वांत मोठ्या कोडमध्ये सात हजारांवर अंक मावतात. कंपनीने एकस्व घेतले, पण इतरांना तो वापरण्याची मोकळीक ठेवली. म्हणूनच तो मोटारींच्या कारखान्यातून निघून भाजीच्या टोपलीपर्यंत येऊ शकला.

तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन का, हा प्रश्न सर्वांनाच पडला होता. ते चौकोन म्हणजे यंत्राला दिलेली खूण होय. त्यांतून कशीही रेघ ओढली तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण एकास एक, तीन, एक, एक असेच येते. छापील कागदांवर हे प्रमाण सहसा कोठे आढळत नाही, याची खात्री करूनच ते निवडले गेले. त्यामुळे फोन तिरपा धरला, उलटा धरला, तरी यंत्राला वर-खाली कळते. शिवाय माहिती अशा रीतीने पुन्हा पुन्हा गुंफलेली असते, की तशी योजना केल्यास सुमारे तीस टक्के भाग पुसला गेला तरी कोड वाचता येतो. हे ऐकून उद्यमबागेतील फाउंड्रीत चाळीस वर्षे राबलेले एक गृहस्थ म्हणाले, ''म्हणजे आमच्यासारखंच म्हणा की. थोडं पुसलं तरी चालतंय.'' वर्गातील भीतीचा पहिला थर त्या हशाबरोबर निघून गेला.

दुसरा थर अधिक घट्ट होता. ''आपल्या कोडचा कोणी फोटो काढला, तर मंडळीचे पैसे जातील काय?'' ''फोन नुसता कोडसमोर धरला, तर पैसे आपोआप कापले जातील काय?'' अशा शंका एकामागून एक आल्या. त्यांचे उत्तर आम्ही पाकिटाचा दाखला देऊन दिले. कोडमध्ये पैसे नसतात. पैसे कोणाकडे पोहोचवायचे त्याचा पत्ता व नाव तेवढे असते. पाकिटावरचा पत्ता दहा जणांनी वाचला म्हणून आतली नोट कोणाला मिळत नाही. आणि पत्ता वाचून झाल्यावरही रक्कम आपण लिहायची असते, चार किंवा सहा अंकी पिन आपण दाबायचा असतो. तोवर एक पैसाही हलत नाही.

मग प्रात्यक्षिके सुरू झाली. आमच्या वर्गाचा एकच नियम होता व तो मदतीला आलेल्या तरुणांसाठी होता: शिकवणाऱ्याने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. फोन ज्याचा, त्याच्याच हातात राहील. तरुणांना हे फार जड गेले. आजीचे बोट चुकीच्या ठिकाणी फिरू लागले, की त्यांचा जीव कासावीस होई आणि ''द्या इकडे'' हे शब्द ओठांवर येत. पण घरोघरी हेच ''द्या इकडे'' तर चालले होते! मदत करणारा फोन घेतो, भराभर काहीतरी करतो आणि ''झालं'' म्हणून परत देतो. काम होते, शिकणे मात्र राहते. हात मागे बांधले म्हणजे तोंडाने सांगावे लागते, आणि तोंडाने सांगायचे तर आधी स्वतःला नीट समजलेले असावे लागते. आमच्या तरुणांचेही शिक्षण या निमित्ताने झाले.

पहिले कोड पैशांचे नव्हतेच. त्या दिवशीच्या उपासनेतील गीतांचे क्रमांक व शास्त्रपाठ एका मुलीने कोडमध्ये भरून आणले होते. फोन समोर धरताच पडद्यावर मराठी अक्षरे उमटली, तेव्हा कित्येकांना प्रथमच कळले, की कोड म्हणजे केवळ पैसे नव्हेत. अडचणी येत गेल्या त्या अगदी साध्या होत्या. एका काकूंनी फोन समोर धरला आणि ओरडल्या, ''अगं बाई, ह्यात आमचंच तोंड दिसायलंय की!'' पुढचा कॅमेरा चालू होता. कोणाच्या काचेवर स्वयंपाकघरातील तेलाचा थर होता; तो पदराने पुसताच कोड वाचला गेला. हात थरथरणाऱ्यांनी कोपर बाकावर टेकावे, हे ठरले. फाउंड्रीवाल्या काकांच्या बोटांचे ठसे कामाने इतके झिजले होते, की फोन त्यांना मालक म्हणून ओळखेना. त्यांनी फोन उघडण्यासाठी अंकच ठेवले. बऱ्याच जणांचा फोन इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये होता. तो मराठीत करून घेतल्यावर ''हे आधी का नाही सांगितलं कुणी?'' असे त्यांनी आम्हाला नव्हे, आपापल्या मुलांना विचारावे, अशी आम्ही नम्र सूचना केली.

तिसऱ्या रविवारी एकमेकांना एक रुपया पाठवण्याचा सराव झाला, आणि तेथे आम्हाला आमचे कार्यालय आठवले. खेड्यापाड्यांतून माणसे अर्ज, जबाब, कबुलीपत्रे घेऊन येत. टेबलाशी उभे राहून त्यांचा पहिला प्रश्न असे, ''साहेब, सही कुठं करू?'' कागदात काय लिहिले आहे, हा प्रश्न फार थोडे विचारत. वाचता येणारेही विचारत नसत. कार्यालयाचा धाकच तसा. आता फोन हातात घेऊन आमचे विद्यार्थी तोच प्रश्न नव्या शब्दांत विचारत होते, ''साहेब, आता कुठं दाबू?'' या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे नाही, असे आम्ही ठरवले. उलट विचारायचे, ''पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा बघू.'' कोड वाचणे हे यंत्राचे काम. ते त्याने एका क्षणात केले. त्यानंतर पडद्यावर जे नाव उमटते ते वाचणे, आपण लिहिलेली रक्कम वाचणे, शून्ये मोजणे हे आपले काम, आणि ते यंत्र आपल्यासाठी करीत नाही. म्हणून प्रत्येकाने आधी नाव, मग रक्कम मोठ्याने वाचायची आणि मगच पिन दाबायचा, असा प्रघात पडला. पिन तेवढा मनात.

यात एक अडथळा आला. कोड स्कॅन केल्यावर मंडळीचे जे नाव दिसे, ते बँकेत नोंदलेले संस्थेचे लांबलचक इंग्रजी नाव होते. रोजच्या बोलण्यातील नावाशी त्याचा मेळ बसेना. ''हे कोण भलतंच?'' म्हणून दोघींनी व्यवहार सोडून दिला. त्यांचे आम्ही जाहीर कौतुक केले, कारण नाव जुळत नसेल तर थांबायचे, हाच तर धडा होता. मग खजिनदारांना सांगून व्हरांड्यातील कोडखाली ते पूर्ण नाव इंग्रजी व देवनागरी अशा दोन्ही अक्षरांत मोठे छापून घेतले. आता माणसे पडद्यावरचे नाव व फलकावरचे नाव अक्षर-अक्षर ताडून पाहतात. अशा खबरदारीची गरज काल्पनिक नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे दुकानांवर व पेट्रोल पंपावर रातोरात दुसरेच कोड चिकटवल्याचे उघडकीस आले होते. ठसा तसाच काळा-पांढरा. बदलले होते ते फक्त त्याच्या मागचे नाव. डोळ्यांना दोन कोडमधला फरक कधीच कळणार नाही, पण दोन नावांमधला फरक कळू शकतो.

फसवणुकीचा दुसरा प्रकार आम्ही नाटुकलीतून दाखवला. एका तरुणाने गोड आवाजात 'आजी, तुमच्या खात्यावर दोन हजार जमा करायचे आहेत. मी पाठवलेला कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असा फोन केला. वर्गाने एकसुरात उत्तर द्यायचे: पैसे घ्यायला पिन लागत नाही. हे वाक्य आम्ही उपासनेतील प्रतिसादासारखे पाठ करून घेतले. फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवायचे, हेही सर्वांनी आपापल्या फोनमध्ये नोंदवून ठेवले. वृद्धांच्या बाबतीत चोराचा मोठा साथीदार म्हणजे घरच्यांच्या बोलण्याची भीती. ''तुला कोणी सांगितलं होतं?'' या एका वाक्याने कित्येक तक्रारी घरातच मरतात.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला, त्याकडे येतो. सहाव्या रविवारी परिचारिकाबाईंनी सर्व पायऱ्या स्वतः पार पाडल्या. मासिक वर्गणीचे शंभर रुपये भरले, नाव वाचले, रक्कम वाचली. दगडी भिंतींमुळे आत नेटवर्क मिळत नाही म्हणून आम्ही व्हरांड्यात उभे होतो. हिरवी खूण आली. त्या आनंदल्या, आणि मग शांतपणे म्हणाल्या, ''साहेब, मी किती टाकले, ते आता कुणाकुणाला कळणार?''

आम्ही जे खरे ते सांगितले. बँकेला कळणार. खात्याचा हिशेब पाहणाऱ्या खजिनदारांना नाव, रक्कम, तारीख, वेळ सगळे दिसणार. फोन घरात कोणी उघडून पाहिला, तर त्यालाही. त्या म्हणाल्या, ''वर्गणीचं ठीक आहे, तिची पावती असतेच. पण पिशवीत टाकायचं ते कुणाला दिसू नये.'' मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय ज्यांनी बालवर्गापासून ऐकला आहे, त्यांना या बोलण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. उजव्या हाताचे दान डाव्या हातालाही कळू नये, ही तेथील शिकवण. आमच्याकडील दानपिशवी खोल व गडद कापडाची असते, ती शोभेसाठी नव्हे. मूठ आत जाते, उघडते, रिकामी बाहेर येते. पाचशेची नोट आणि दहाचे नाणे त्या अंधारात सारखेच. ज्या विधवेने दोन दमड्या टाकल्या, तिच्या शेजारी बसलेल्या श्रीमंताला त्या दिसल्या नाहीत, तर तिचे काही बिघडत नाही; बिघडते ते दिसल्यावर. आणि कोडने दिलेले दान नावानिशी लिहिले जाते. हा कोडचा दोष म्हणता येणार नाही. व्यापारासाठी तो तसाच असायला हवा. परंतु दान म्हणजे व्यापार नव्हे.

नेमक्या त्याच सुमारास समितीपुढे एक सूचना आली होती. दुकानांत असते तसे बोलणारे यंत्र व्हरांड्यात ठेवावे, म्हणजे पैसे जमा झाल्याची खात्री पटेल. 'पन्नास रुपये प्राप्त झाले' असे ते मोठ्याने सांगणार! सूचना सद्भावनेची होती. पण त्याच सहाव्या अध्यायात दान करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नये, असेही सांगितले आहे. ते आम्ही समितीला स्मरून दिले आणि हा कर्णा तर कंपनीच मासिक भाडे घेऊन वाजवणार, एवढे जोडले. सूचना हसत हसत मागे घेतली गेली.

त्यानंतर समितीने तीन गोष्टी ठरवल्या. उपासनेत दानपिशवी पूर्वीप्रमाणेच सर्वांपुढून फिरेल. कोड बाहेर व्हरांड्यात राहील, बाकांपुढून फिरवला जाणार नाही. कोडने आलेल्या रकमांची नावे खजिनदार व हिशेब तपासनीस यांच्यापलीकडे जाणार नाहीत. सूचनाफलकावर केवळ एकूण बेरीज लागेल. आणि ज्यांना सुट्या नोटा हव्यात, त्यांनी शनिवारी खजिनदारांकडे कोडने पैसे पाठवून तेवढ्या नोटा घेऊन जाव्यात. त्यांचे पुढे काय करायचे ते त्यांचे त्यांनी पाहावे. ही तिसरी युक्ती परिचारिकाबाईंचीच. ज्या कोडची त्यांना भीती वाटत होती, त्याच कोडने त्या आता नोटा घेतात आणि रविवारी आपली मूठ पिशवीच्या अंधारात उघडतात. औषधांचे दुकान, वीजबिल, वर्गणी हे सारे फोनवर. दान हाताने.

यावर कोणी म्हणेल, की मग एवढा वर्ग घेऊन मिळवले काय? आमच्या मते पुष्कळ मिळवले. ज्याला कोड वापरता येत नाही, त्याने नोट वापरली तर ती त्याची अगतिकता. ज्याला दोन्ही येते, त्याने नोट वापरली तर ती त्याची निवड. वृद्धापकाळी शरीराची एकेक मुखत्यारी सुटत जाते. दिवा लावणारा दुसरा, दार उघडणारा दुसरा. आपल्या पैशांचे काय करायचे आणि ते कोणाला सांगायचे, एवढी तरी मुखत्यारी शेवटपर्यंत आपल्याकडे राहावी, असे कोणाला वाटणार नाही?

दुसरी तुकडी आता सुरू झाली आहे. शेजारच्या मराठी शाळेतील दोन निवृत्त गुरुजी आणि कन्नड उपासनेला येणारी काही मंडळीही त्यात येतात. शिकवण्याचे काम परिचारिकाबाई व फाउंड्रीवाले काका या दोघांनी घेतले आहे. बाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात आणि कोणी ''आता कुठं दाबू?'' असे विचारले, की इंजेक्शनच्या वेळी वापरीत असाव्यात तशा ठाम आवाजात म्हणतात, ''आधी नाव वाचा.'' आमच्याकडे सध्या फक्त खुर्च्या मांडण्याचे काम उरले आहे.